काशीची पहाट आणि देहातील घड्याळ

भारतीय प्रमाणवेळेची ८२.५ अंश पूर्व ही रेखा वाराणसीनजीकच्या मिर्झापूरजवळून जाते. म्हणून काशीत घड्याळ व सूर्य जवळजवळ बरोबरीने चालतात. मुंबईत सूर्य घड्याळाच्या सरासरी ३८ मिनिटे मागे असतो. देहातील घड्याळाचे आवर्तन मात्र बहुतेकांत २४ तासांहून किंचित दीर्घ असते. सकाळचा प्रकाश ते रोज जुळवून देतो. तो न लाभल्यास निद्रेची वेळ पुढे सरकू लागते.

काहींना मुळातच नऊ-दहा तास झोप लागते. त्यांना आळशी ठरविणे अन्यायाचे होय. अशांनी उठण्याची वेळ निश्चित करून तितके तास आधी निजावे, घाटावर वा गच्चीत कोवळे ऊन घ्यावे आणि रात्री दिवे मंद ठेवावेत. तरीही ग्लानी न सरल्यास वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.