रत्नाकर पाठकांची तीर्थयात्रा

संतांची चरित्रे वाचताना संतांपेक्षा त्यांच्या घरच्या माणसांकडे लक्ष जाण्याची खोड मला फार दिवसांपासून जडली आहे; आणि तुकोबांची शिष्या बहिणाबाई शिऊरकर हिच्या आत्मनिवेदनपर अभंगांकडे मी वारंवार वळलो, तो जितका तिच्यासाठी तितकाच तिच्या नवऱ्यासाठी. चरित्रकारांनी रत्नाकर पाठकांना कर्मठ आणि कोपिष्ट अशी दोन विशेषणे बहाल करून त्यांची वासलात लावली आहे. बायकोवर हात टाकणाऱ्या माणसाची वकिली करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. परंतु ज्या माणसाला आपण ओळखतो तो केवळ त्याच्या बायकोने लिहून ठेवले म्हणून, त्याची कैफियत तिच्याच तोंडून नीट ऐकून घेण्यास काय हरकत आहे?

आरंभीचा वृत्तांत बहुश्रुत वाचकांना ठाऊकच असेल. वेरूळजवळच्या देवगावच्या कुलकर्ण्यांची ही मुलगी तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराला दिली गेली. पुढे वृत्तीवरून भाऊबंदांशी तंटा विकोपाला गेला, कर्ज चढले, आणि अखेर आईबाप, लेकरे आणि जावई असे सारे कुटुंब रात्रीच्या रात्री गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर आणि सरतेशेवटी कोल्हापूर असा तो मार्ग. म्हटले तर ती तीर्थयात्रा, म्हटले तर परागंदा होणे. पंढरपुरात चंद्रभागेचे स्नान आणि विठ्ठलाचे दर्शन घडले खरे, पण घरी परतण्याची सोय उरलेली नव्हती. रहिमतपुरात, तेथील उपाध्याय काशीस गेलेला असताना त्याची वृत्ती सांभाळून रत्नाकरांनी काही काळ पोट भरले.

कोल्हापुरात आपण अकरा वर्षांच्या होतो असे बहिणाबाई सांगते, आणि तुकोबांनी स्वप्नात दृष्टांत दिल्याची मिती कार्तिक वद्य पंचमी, शके १५६९ अशी देते. परंपरेने तिचा जन्मशक १५५० धरला आहे. हे आकडे एकापुढे एक मांडले की मध्ये आठएक वर्षांची पोकळी राहते, आणि निवेदन तर असे सलग चालते की जणू सारे दोन-चार महिन्यांतच घडले. माझा कल जन्मशकावर संशय घेण्याकडे आहे. बालपणीचे आपले वय माणूस सहसा विसरत नाही.

कोल्हापुरात ज्या बहिरंभटाच्या घरी हे कुटुंब उतरले, त्याने रत्नाकरांना एक गाय दिली. तिचे काळे वासरू बहिणाबाईला इतके लागले की तिच्यावाचून ते चारापाण्याला तोंड लावीना. जयराम गोसाव्यांच्या कीर्तनालाही ते तिच्यामागून गेले. गर्दी झाली म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढले, तेव्हा ते हंबरू लागले, आणि गोसाव्यांनी त्याला पुन्हा आत बोलावून मुलगी आणि वासरू दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. गावभर बोभाटा झाला. घरी आल्यावर रत्नाकरांनी तिला बेदम मारले. पुढे ते वासरू मेले, आणि तुकोबांचा दृष्टांत झाला तो त्यानंतरच.

आता रत्नाकरांचा जळफळाट पाहा. आपण वेदाध्ययन केलेले ब्राह्मण असताना एका शूद्र वाण्याला बायकोने गुरू मानावे हे दुःख तर होतेच. पण त्याहून झोंबणारी गोष्ट अशी की लोक दर्शनाला येत ते तिच्या, आणि उद्या आपल्याला विचारणार कोण, ही धास्ती त्यांनी बोलून दाखविली. ती बायकोने जशीच्या तशी टिपून ठेवली आहे. यावर त्यांनी काढलेला तोडगा त्या काळच्या रीतीला धरूनच होता: बायकोला माहेरच्या माणसांच्या हवाली करायचे आणि आपण तीर्थयात्रेला निघून जायचे. ती तीन महिन्यांची गरोदर होती. कुटुंबाचा त्याग करू पाहणाऱ्या पुरुषाला आपल्या समाजाने तीर्थयात्रेइतकी प्रतिष्ठित पळवाट दुसरी दिलेली नाही, असे माझे मत आहे.

निघण्याच्या वेळीच त्यांना ज्वराने गाठले. महिनाभर अंथरूण सुटले नाही. उशाशी बसून शुश्रूषा केली ती त्याच बायकोने. त्या दुखण्यात पश्चात्ताप झाला आणि बरे होताच रत्नाकरांनी ठरविले की आता पुण्याजवळ तुकोबांच्या देहूला जायचे, तेही सर्वांनी मिळून. कोल्हापूरहून पुणे आजच्या हमरस्त्याने सुमारे २३० किलोमीटर भरते. नुकता दुखण्यातून उठलेला नवरा, गरोदर बायको, म्हातारे सासूसासरे आणि बरोबर ती गाय, असा हा काफिला घाटवाटांनी नद्या ओलांडीत चालला असेल. आज आषाढीच्या शासकीय महापूजेला मुख्यमंत्र्यांसमवेत दर्शनरांगेतले एक जोडपे बसविले जाते. त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहताना मला हटकून हे दुसरे जोडपे आठवते, ज्याला कोणी कसला मान दिला नाही.

देहूत तर उलटाच प्रकार. उतरायला जागा मागितली ती नेमकी तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजी गोसाव्याकडे, आणि हे तुकोबांचे शिष्य आहेत हे कळताच त्याने वैर धरले: पुण्याच्या अप्पाजी गोसाव्याकडे लेखी तक्रार, वाळीत टाकण्याच्या धमक्या, शेवटी गाय चोरून नेऊन तिला मारहाण. रत्नाकरांना हे सारे टाळणे सोपे होते. माझा तुकोबांशी संबंध नाही, एवढे म्हटले की काम भागत होते. ते त्यांनी म्हटले नाही. मुलगी काशीबाई देहूतच जन्मली.

बहिणाबाईचे पतिव्रताधर्मावरचे अभंग वाचून आजचे टीकाकार ओशाळतात आणि घाईघाईने पान उलटतात. मला ते त्या देहूच्या वाटेवर झालेल्या तडजोडीचा भाग वाटतात. कारण नवऱ्याची सेवा हा धर्म मानणाऱ्या याच बाईने, ब्राह्मण कोणाला म्हणावे हा प्रश्न उभा करणारी अश्वघोषाच्या नावावरची वज्रसूची मराठीत आणली, आणि कोल्हापुरात ज्या प्रश्नावरून नवऱ्याचा रोष ओढवून घेतला त्याच प्रश्नाचा निकाल आपल्या अभंगांत सविस्तर लावून टाकला.