जांभूळ आणि मधुमेह

मुंबईहून सुरतेकडे जाताना सुरतेच्या थोडे अलीकडे सचिन स्टेशन लागते. पूर्वी हे सिद्दी नबाबांचे संस्थान होते. आज येथील कारखान्यांवर अनेक मराठी कुटुंबांचा चरितार्थ चालतो. पावसाच्या तोंडावर तेथील गुजराती शेजारी ज्याला ‘जांबू’ म्हणतात, तेच आपले जांभूळ. याच लोहमार्गावरील पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळांना २०२३ साली भौगोलिक मानांकन लाभले.

‘बियांचे चूर्ण घ्या, मधुमेह पळेल,’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. त्यात तथ्य किती, हे जाणणे अगत्याचे आहे. कारण त्याच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध सोडण्याचा मोह रोग्यास होतो.

चिरलेले वांगे काळे पडते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. तो हवेतील प्राणवायूचा परिणाम होय. शरीरातही अशाच क्रियांनी पेशींची हानी होते. तिला आळा घालणाऱ्या द्रव्यांस प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. जांभळाच्या सालीतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य त्यांपैकीच. तुरटपणा टॅनिनचा, बियांत गॅलिक व एलॅजिक आम्ले असतात. मुलांना एक गंमत दाखवावी: सालीच्या पाण्यात लिंबू पिळताच ते लाल होते, खाण्याचा सोडा टाकताच निळसर!

प्राण्यांवरील प्रयोगांत बियांच्या अर्काने रक्तातील साखर उतरल्याचे आढळले आहे. परंतु उंदराला लागू पडले ते माणसाला पडेलच असे नाही. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा मधुमेहावर घेतात. तेथील संशोधकांनी तो माणसांना देऊन पाहिला. साखर उतरली नाही, असे त्यांनी २००० साली प्रसिद्ध केले.

१९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेह जडलेली मुले वाचत नसत. ज्यांना इन्सुलिन लागते, त्यांनी ते बंद करणे म्हणजे प्राण धोक्यात घालणे होय. उलट, गोळ्यांच्या जोडीला चूर्ण घेतल्यास साखर फाजील उतरण्याचाही संभव असतो. दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, तर रोगी शुद्धीवर असता लगेच साखर-पाणी पाजावे. म्हणून चूर्ण घेणाऱ्याने डॉक्टरांपासून ते लपवू नये.

जांभळे स्वच्छ धुऊन सालीसकट, बेताने खावीत. साखर घातलेल्या सरबताने मात्र हेतूच फसतो. फळाचा आस्वाद अवश्य घ्यावा. औषधाची जागा त्याला देऊ नये.