घरातील चिलटे : घरगुती सापळा आणि मुळावरचा उपाय

पावसाळ्यात आणि फळांच्या हंगामात घरात बारीक चिलटे वाढतात. ती डासांप्रमाणे डेंग्यू किंवा मलेरिया पसरवीत नाहीत. मात्र कचऱ्यावर व मोरीत बसलेली चिलटे उघड्या अन्नावर बसल्यास रोगजंतू अन्नात येऊ शकतात. सापळ्यात केवळ उडणारी चिलटे सापडतात. अंडी व अळ्या वाढण्याची जागा स्वच्छ केल्याशिवाय उपद्रव थांबत नाही.

प्रथम उगम ओळखावा

• फळांवरील चिलटे : सुमारे ३ मिलिमीटर लांब, पिवळसर तपकिरी, बहुधा लाल डोळ्यांची. अतिपक्व फळे, सडलेले कांदे-बटाटे व ओला कचरा यांत वाढतात.
• कुंडीतील चिलटे : काळसर, सडपातळ, लांब पायांची. सतत ओल्या राहणाऱ्या मातीत वाढतात.
• मोरीतील चिलटे : करडी, केसाळ पंखांची, लहान पतंगासारखी. जाळीखालील बुळबुळीत थरात वाढतात.

फळांवरील चिलटांसाठी सापळा

१. काचेच्या बरणीत दोन-तीन चमचे व्हिनेगर घ्यावे. व्हिनेगर नसल्यास अतिपक्व केळ्याचा तुकडा थोड्या पाण्यात कुस्करून घ्यावा.
२. त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब टाकावेत. साबणामुळे द्रवाचा पृष्ठताण कमी होतो व चिलटे बुडतात.
३. कागदाचा शंकू करून अरुंद टोक खाली येईल असा बरणीत बसवावा. टोक द्रवाला टेकू देऊ नये.
४. बरणी फळांच्या टोपलीजवळ, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. पिण्याचा पेला वापरू नये.
५. द्रव दर दोन-तीन दिवसांनी बदलावा.

कुंडीजवळ पिवळा चिकट कागद लावावा आणि मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी घालावे. कुंडीखालील ताटलीत पाणी साचू देऊ नये. त्यात डेंग्यूचे डासही वाढतात.

मोरीसाठी जाळी काढून आतील थर ब्रशने घासून काढावा. केवळ गरम पाणी ओतल्याने हा थर पूर्णपणे निघत नाही.

मुळावरचा उपाय

• फळे धुऊन, कोरडी करून झाकून ठेवावीत. सडलेली तत्काळ वेगळी काढावीत.
• ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवून रोज बाहेर द्यावा. डबा धुऊन सुकवावा.
• ओटा पुसण्याचे फडके रात्री ओले ठेवू नये.

उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण चिलट होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात. म्हणून चिलटे दिसेनाशी झाली तरी ही काळजी किमान दोन आठवडे घ्यावी.

हे कटाक्षाने टाळावे

• अन्न, फळे किंवा पाळण्याजवळ कीटकनाशक फवारू नये.
• ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर, व्हिनेगर अथवा शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल यांसोबत मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.
• कीटकनाशक शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत साठवू नये.

विषारी वायूने खोकला किंवा श्वास लागल्यास त्वरित मोकळ्या हवेत जावे. कीटकनाशक पोटात गेल्यास स्वतःहून उलटी करवू नये. रुग्णास विनाविलंब जवळच्या रुग्णालयात न्यावे अथवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. कीटकनाशकाची बाटली डॉक्टरांना दाखवावी.

जनहितार्थ प्रसारित