विटी एकच, बोली गावागणिक वेगळी! ‘वकट-लेंड’ आलं कुठून?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला आलेली पोरं आणि गावातली पोरं विटी-दांडू खेळायला उभी राहिली, की पहिलं भांडण ठरलेलं. टोल्यावरून नाही, नावावरून. एक म्हणतो ‘लेंड’, दुसरा म्हणतो ‘लेंड कसलं, रेंड!’ एकाच्या गावात ‘मूंड’ला विटी मुठीवर ठेवतात, दुसऱ्याच्या गावात भलतीकडेच. मग ‘तुमच्याकडं चुकीचं खेळतात’ इथपर्यंत गोष्ट जाते आणि डाव मोडतो.

खरं तर चूक कुणाचीच नसते. या नावांचं मूळ समजलं की भांडणातली हवाच निघून जाते.

ज्यांनी खेळ सोडून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडी आठवण. कोलायच्या खड्ड्यापासून विटी पडली तिथपर्यंतचं अंतर दांडूनं मोजायचं. मोजताना एक, दोन, तीन म्हणायचं नाही. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेध, झक्कू म्हणायचं. सात झाले की पुन्हा वकटपासून सुरू. मोजणी ज्या नावावर थांबेल, त्या नावाचा टोला पुढं मारायचा. कधी पायाच्या चवड्यावरून, कधी मुठीवरून, कधी कोपरावरून, तर कधी मान मागं टाकून थेट डोळ्यावर विटी ठेवून. कोणत्या नावाला कोणता टोला, हे मात्र गावागणिक बदलतं.

आता तेलुगूतले आकडे बघा. एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, तीन म्हणजे मूडु, चार म्हणजे नालुगु. ओकटिचं वकट, रेंडुचं लेंड, मूडुचं मूंड आणि नालुगुचं नाल झालेलं सरळ दिसतं. म्हणजे ‘रेंड’ म्हणणारा पोरगा मूळ शब्दाच्या जास्त जवळ आहे, आणि ‘लेंड’ म्हणणाराही चुकलेला नाही.

चारच्या पुढं मात्र गाडी घसरते. तेलुगूत पाच म्हणजे ऐदु, सहा म्हणजे आरु, सात म्हणजे एडु. आपल्याकडं पाचव्या जागेवर ‘आर’ येऊन बसलाय, जो तिकडं सहावा आहे. त्यानंतरचा ‘वेध’ ऐदुपासूनही निघू शकतो आणि एडुपासूनही. शेवटच्या झक्कूचा तर तेलुगू आकड्यांशी काहीच मेळ बसत नाही. कुठं झक्कू, कुठं जक्कू, कुठं झंकू असे त्याचे उच्चार आहेत ते त्यामुळंच असावेत. मागं धरायला मूळ शब्दच नाही.

देगलूर, बिलोली, धर्माबाद, राजुरा, सिरोंचा या सीमेवरच्या तालुक्यांत तेलुगू रोज कानावर पडते. तिथल्या माणसाला हे आकडे लगेच ओळखू येतील. पण जिथं तेलुगूचा गंधही नाही अशा गावांतही पोरं वकट-लेंड करतच मोठी झाली. अर्थ माहीत नसलेला शब्द तोंडातोंडी फिरला की झिजतो, आणि ऐकणारा त्याला आपल्या ओळखीचा अर्थ चिकटवतो. ‘मूंड’ ऐकून मुंडी आठवावी, ‘नाल’ ऐकून घोड्याचा नाल, ‘आर’ ऐकून भोवऱ्याची आर. लिहून ठेवायला कुणी नव्हतं, त्यामुळं प्रत्येक आळीनं आपापला अर्थ पक्का केला.

खेळाचं नावही कुठं एक आहे? गोव्यात तो कोयंडो-बाल, कर्नाटकात चिन्नी-दांडू, हिंदी मुलखात गिल्ली-डंडा.

हुतूतूचंही असंच होतं. संजीवनी, गामिनी, अमर असे त्याचे प्रकार आणि प्रत्येकाचे नियम निराळे. पुढं नियम एक झाले, कबड्डी हे नाव सगळीकडं चाललं, आणि 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पदकासाठी कबड्डी झाली. विटी-दांडूच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. दुसरी बाजू अशी की हुतूतू हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरलाय. वकट-लेंड अजून जिवंत आहे, ते कदाचित कुणी नियम न लावल्यामुळंच.

दोन गावांचा सामना असेल तर नाणेफेकीआधी सातही नावं आणि त्यांचे टोले एकमेकांना करून दाखवावेत. यजमान गावाची पद्धत धरली तरी चालतं. यात सुरक्षेचाही मुद्दा आहे. झेल घेणारा जवळचा टोला समजून पुढं सरकला आणि विटी जोरात आली, तर डोळा जाऊ शकतो. विटी लागून डोळ्याला गंभीर इजा झाल्याचे प्रकार घडलेले आहेत. डोळ्यावरून मारायचा टोला लहान पोरांच्या डावात वगळलेलाच बरा.

आणि मोबाईल हातात आहेच. घरातल्या आजोबांना विचारा, तुमच्या वेळी झक्कूला विटी कुठं ठेवायचे? ते दांडू धरून दाखवतील, तेव्हा व्हिडिओ काढा. गावाचं नाव आणि सातही शब्द त्यांच्याच उच्चारात येऊ द्या. मधे थांबवून दुरुस्त करू नका.