काडतुसाची कड आणि नेमबाजाचा हात

काडतुसातील दारू पेटवण्यासाठी आघाताने फुटणारे एक संवेदनशील मिश्रण लागते आणि ते कोठे भरले आहे, यावरून काडतुसांचे दोन मोठे वर्ग पडतात. सेंटरफायर काडतुसात हे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी बसवलेल्या स्वतंत्र टोपीत असते. रिमफायर काडतुसात मात्र ते बुडाभोवतीच्या पोकळ कडेच्या आत पसरलेले असते आणि पिस्तुलातील पिन ती कड चेचते तेव्हा पेट घेते. या रचनेचा पाया १८४५ च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर या फ्रेंच बंदूककाराने घातला, १८५७ मध्ये अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने तिच्यावर आधारलेले छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीचे ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस आले. नावात रायफल असली तरी लक्ष्यावर नेम साधण्याच्या छंदासाठी बनलेली बहुतेक पिस्तुले आजही याच काडतुसावर चालतात.

या दीर्घायुष्याचे कारण काडतुसाच्या एका मर्यादेत आहे. पिनेच्या आघाताने कड चेचली जायची, तर तिचा पत्रा पातळच असावा लागतो, आणि पातळ पत्र्याची पुंगळी फार मोठा दाब सोसू शकत नाही. म्हणून अमेरिकी मानकांनुसार या काडतुसातील दाबाची मर्यादा सुमारे १६५ मेगापास्कल आहे, तर लष्करी व पोलिसी वापरातील ९ मिमी काडतुसाची सुमारे २४०. दाब कमी आणि गोळीही हलकी, त्यामुळे हाताला बसणारा धक्का अत्यंत सौम्य राहतो.

हा फरक किती मोठा आहे, हे साध्या गणिताने दिसते. गोळी पुढे जाताना तिचे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराइतका, म्हणजे तिच्या संवेगाइतका, उलट संवेग पिस्तुलाला मिळतो. २.६ ग्रॅमची रिमफायर गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने निघाली, तर एक किलो वजनाचे पिस्तूल सेकंदाला सुमारे ०.८ मीटर वेगाने मागे येते. साडेसात ग्रॅमची ९ मिमी गोळी ३६० मीटर वेगाने निघाली, तर तेवढ्याच वजनाचे पिस्तूल २.७ मीटर वेगाने मागे येते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, दारूच्या वायूंचा वाटा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्या धक्क्याची ऊर्जा पहिल्याच्या जवळजवळ बारा पट भरते.

नेमबाजीत या बारा पटींना फार मोठा अर्थ आहे, कारण मानवी शरीर येणाऱ्या धक्क्याची वाट पाहू लागते आणि चाप पूर्ण दाबला जाण्याआधीच मनगट नकळत खाली झुकते. नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांत २० सेंटिमीटर अंतर असेल, तर माशी केवळ ०.२ मिलिमीटर सरकल्याने २५ मीटरवरची गोळी २५ मिलिमीटर चुकते, आणि २५ मीटर अचूक नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या नेमकी तेवढीच असते. सौम्य धक्क्याच्या पिस्तुलाने ही दचकण्याची सवय सहसा मुरत नाही आणि आधीच मुरली असेल तर ती स्पष्ट उघडी पडते. शिकणाऱ्याला आपल्या बोटाची चूक कागदावर वाचता येणे, हेच या पिस्तुलाचे सर्वांत मोठे मोल मानले पाहिजे.

कमी दाबामुळे पिस्तुलाची यंत्रणाही सोपी होते. ९ मिमीच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि वरचा सरकता भाग क्षणभर एकमेकांत अडकवून नंतर सोडवावे लागतात, पण येथे मागच्या बोल्टचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर काम भागते, म्हणून नळी सांगाड्यात कायमची घट्ट बसवता येते. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून १९१५ मध्ये आलेले कोल्ट कंपनीचे पिस्तूल, जे पुढे ‘वुड्समन’ म्हणून ओळखले गेले, याच तत्त्वावर चालत असे. १९४९ मध्ये विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी पत्र्याच्या दाबीव भागांचा सांगाडा वापरून साडेसदतीस डॉलरला विकलेल्या पिस्तुलाने हा छंद सामान्य अमेरिकी माणसाच्या आवाक्यात आणला. सोव्हिएत संघात तर मिखाईल मार्गोलिन या दृष्टी गमावलेल्या रचनाकाराने भागांचे नमुने बोटांनी चाचपत नेमबाजीचे रिमफायर पिस्तूल घडवले, आणि यंत्ररचनेच्या इतिहासात याहून आदरास पात्र उदाहरणे थोडीच सापडतील.

स्पर्धांनीही या पिस्तुलाचे स्थान पक्के केले. ऑलिंपिकमधील २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या ८, ६ आणि शेवटी ४ सेकंदांत झाडायच्या असल्याने धक्का कमी असणे ही पूर्वअटच ठरते. १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात उजवा हात जायबंदी झालेले हंगेरीचे कारोली ताकाच डाव्या हाताने सराव करून १९४८ आणि १९५२ मध्ये याच प्रकारात सुवर्णपदक विजेते ठरले. भारताच्या विजय कुमार यांनी २०१२ मध्ये येथेच रौप्य मिळवले, तर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१३ च्या चांगवोन विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्ण जिंकले.

सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मात्र स्पष्टच सांगायला हवे. ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, बाराचा आवाज कानांना इजा करण्याइतका मोठा असतो आणि बंदिस्त रेंजमध्ये शिशाचे सूक्ष्म कण श्वासावाटे शरीरात जातात. म्हणून कानांचे संरक्षण आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा यांना पर्याय नाही. शिवाय कडेतील मिश्रण सर्वत्र सारखे पसरले नसेल, तर एखादे काडतूस पेटतच नाही किंवा गोळीच्या वेगात किंचित फरक पडतो, आणि म्हणूनच वरच्या श्रेणीचे नेमबाज एकाच कारखान्यातील निरनिराळ्या खेपांची काडतुसे आपल्या पिस्तुलाची नळी शिकंज्यात पकडून तपासतात व सर्वांत लहान वर्तुळात गोळ्या बसवणाऱ्या खेपेचा साठा एकदमच विकत घेतात.