औषध आणि मनाची खिन्नता

यकृताच्या जुनाट रोगावरील औषधाने मन खचावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण साधा ताप आला तरी आपल्याला अन्न नकोसे होते, माणसे नकोशी होतात. विषाणूंशी झुंजताना शरीर जी द्रव्ये निर्माण करते, त्यांचाच हा परिणाम होय. त्यांपैकी इंटरफेरॉन हे द्रव्य आयझॅक्स व लिंडेनमान यांनी १९५७ साली लंडनमध्ये शोधले. १९९१ पासून ते हिपॅटायटिस सीच्या रोग्यांना टोचले जाऊ लागले. पुढे अनेकांना ४८ आठवडेपर्यंत! सुमारे चौघांत एकाला खिन्नतेने ग्रासले. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आले. मेंदूतील सेरोटोनिन ज्या ट्रिप्टोफॅनपासून बनते, ते या औषधामुळे दुसऱ्याच वाटेला लागते, असे संशोधक मानतात. मग ‘मन घट्ट कर’ या उपदेशाने काय साधणार?

२०१३ नंतरच्या गोळ्यांनी हिपॅटायटिस सी बहुधा १२ आठवड्यांत बरा होतो. तथापि ‘बी’ व ‘डी’ प्रकारांत इंटरफेरॉन अजूनही काही वेळा देतात. म्हणून आमचे सांगणे एवढेच: असे उपचार चालू असता घरचे माणूस अबोल झाले, त्याची झोप उडाली, तर त्याला दोष देऊ नये, औषधही परस्पर थांबवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.