थेंब पडला का?

जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातून इन्सुलिन नावाचा रस रक्तात उतरतो. अशा रसांना संप्रेरक म्हणतात. डॉक्टर हार्मोन म्हणतात. आपण भाकरी खातो, तिची पोटात साखर होते. ती साखर अंगाच्या कामी लावणे, हे इन्सुलिनचे काम.

काही मुलांच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. मूल वाळते. सारखे पाणी पिते, सारखे लघवीला जाते. यात मुलाचा दोष नाही, आईचाही नाही. पूर्वी अशी मुले दगावत. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरी १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचू लागले. तो जगला.

१९८५ साली इन्सुलिनचे पेन निघाले. आत औषधाची नळी, पुढे बारीक सुई. मागचा आकडा फिरवून मात्रा लावायची आणि बटण दाबायचे.

पण बटण दाबले म्हणजे औषध गेलेच, असे धरू नये. सुई बुजते. नळीत हवा शिरते. आतला दांडा अडकतो. बाहेरून काहीच कळत नाही. मग साखर चढते, आणि घरचे पोरावरच रागावतात, "चोरून गूळ खाल्लास!" आम्ही म्हणतो, आधी पेन तपासा.

कसे तपासाल? नवी सुई लावा. आकडा २ वर आणा. सुईचे टोक वर धरा, बटण दाबा. टोकाशी थेंब आला पाहिजे. नाही आला, तर पुन्हा करा. तरी नाही, तर सुई बदला. तरीही नाही, तर ते पेन वापरू नका. दर वेळी टोचण्याआधी हे करा. टोचल्यावर बटण दाबूनच ठेवा, दहा आकडे मोजा, मग सुई बाहेर काढा.

औषध गेले की नाही, अशी शंका आली तर अंदाजाने पुन्हा टोचू नका. साखर फार उतरली तर मूल बेशुद्ध पडते. साखर तपासा, डॉक्टरांना विचारा.

पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. फडावर औषधाचे दुकान नसते. म्हणून जादा पेन किंवा इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज बरोबर ठेवा. बाटलीवरचा आकडा वाचा. ४० असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० असेल तर केशरी टोपणाची. पेनातले औषध बहुधा १०० चे असते. ते लाल टोपणाच्या सिरिंजने ओढाल, तर मात्रा अडीचपट होईल! आकडा वाचता येणे असे जिवाच्या कामी येते.

पेन उन्हात किंवा तापल्या पत्र्याखाली ठेवू नका. कोरड्या डबीत घालून, ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवा.

मुलाला उलट्या झाल्या, पोट दुखले, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. मूल जेवले नाही म्हणून इन्सुलिन मनाने बंद करू नका. आणि ते पेनही बरोबर न्या, डॉक्टरांना दाखवा.